मका, शेण आणि वजाबाकी

मे संपता संपता अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातल्या मक्याच्या शेतांमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. वीतभर वाढलेल्या रोपांची पानं कडेने जांभळी पडलेली असतात. याचा पुस्तकी अर्थ सरळ आहे: रोपाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मिळत नाहीये. गंमत अशी, की त्या शेतात वर्षानुवर्षं गोठ्यातलं शेण पडत आलेलं असतं. मातीचा नमुना तपासायला पाठवला, तर अहवालात स्फुरद 'भरपूर' असं लिहून येतं. कधी कधी तर 'गरजेपेक्षा जास्त'.

म्हणजे ताट वाढलेलं आहे आणि जेवणारा उपाशी बसलाय.

या कोड्याच्या मागे लागलो आणि चारशे वर्षं मागे जाऊन पोहोचलो. 'शेणखत की रासायनिक खत' हे भांडण आपल्याला पाठ आहे. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक काका रोज सकाळी विषमुक्त शेतीचे व्हिडिओ टाकतात आणि दुसरे काका त्याखाली फक्त एवढंच विचारतात, "एकरी किती निघालं?" दोघांचं ऐकत राहिलं की वाटतं, खत हासुद्धा एक पक्ष आहे आणि आपल्याला कुठल्या तरी एका पक्षात जावंच लागणार. थंड मुलखात मका पिकवणाऱ्यांना ही चैन कधीच परवडली नाही. त्यांनी दोन्ही वापरलं. पण दोन्ही एकत्र वापरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे समजायला त्यांना फार वेळ लागला आणि त्याची किंमत एका तलावाने मोजली.

उन्हातलं पीक, गारठलेली माती

मका हे मूळचं दक्षिण मेक्सिकोतलं पीक. तिथल्या तेओसिंते नावाच्या रानगवतापासून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी माणसांनी तो घडवला. पुढे शेकडो पिढ्यांनी बी निवडत निवडत त्याला उत्तरेकडे नेलं. जिथे बर्फ वितळून पुन्हा पडायच्या आत पीक काढावं लागतं, अशा प्रदेशापर्यंत. तिथल्या मूळ रहिवाशांनी तयार केलेल्या वाणांना आज 'नॉर्दर्न फ्लिंट' म्हणतात. आठ ओळींचं बारीक कणीस, गारगोटीसारखा टणक दाणा आणि लवकर येणारं पीक.

वाण बदलला तरी मक्याची एक खोड गेली नाही. त्याला माती ऊबदार लागते. मातीचं तापमान साधारण १० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय त्याचं बी धड उगवत नाही. थांबावं तर उन्हाळा हातचा निसटतो आणि घाई करावी तर रोप गारठ्यात कुडकुडत बसतं.

१६२१ च्या वसंतात प्लिमथला उतरलेले इंग्रज याच पेचात होते. हिवाळ्यात त्यांच्यापैकी निम्मे लोक मेले होते. त्यांना मका लावायला शिकवला तिस्क्वांटम नावाच्या माणसाने. शाळेच्या पुस्तकांत तो 'स्क्वांटो' म्हणून येतो. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहून ठेवलंय, की तिस्क्वांटमने त्यांना बजावलं: या जुन्या, कसून थकलेल्या जमिनीत मासे घातले नाहीत तर काही हाती लागणार नाही. त्या वर्षी त्यांनी वीस एकर मका लावला आणि सहा एकरांत जव व वाटाणा. मका चांगला आला, जव बेताचा आणि वाटाणा जवळपास वाया गेला.

ही गोष्ट अमेरिकेत फार गोड करून सांगतात. त्यातला कडू भाग असा, की तिस्क्वांटमला १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकलं होतं. तिथून इंग्लंडमार्गे तो १६१९ मध्ये घरी परतला, तेव्हा साथीच्या रोगाने त्याचं गाव रिकामं झालं होतं. प्लिमथची वसाहत त्याच गावाच्या जागेवर उभी राहिली. त्या 'जुन्या जमिनी' त्याच्याच माणसांनी कसलेल्या होत्या. मासे पुरायची पद्धत तिथलीच, की तो युरोपात शिकून आला, यावर लिन सेसी या संशोधिकेने १९७५ साली 'सायन्स' नियतकालिकात शंका घेतली आणि तो वाद बराच गाजला. मला त्या वादापेक्षा वाक्यातली अट महत्त्वाची वाटते. त्याने 'मासे चांगले' एवढंच सांगितलं नाही. कुठल्या जमिनीत लागतात, तेही सांगितलं. खताचा सल्ला जमिनीपासून सुरू झाला होता. पुढे दोनशे-अडीचशे वर्षांत नेमकी हीच गोष्ट मागे पडली.

पोत्यात बंद झालेलं खत

एकोणिसाव्या शतकात खत दुरून यायला लागलं. पेरूच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साचले होते. त्याला 'ग्वानो' म्हणत. १८४० च्या दशकात तो जहाजं भरभरून युरोप-अमेरिकेत येऊ लागला. मागणी इतकी, की अमेरिकेने १८५६ मध्ये कायदाच केला: कुणाचाही ताबा नसलेलं ग्वानोचं बेट अमेरिकी नागरिकाला सापडलं, तर ते अमेरिकेचं म्हणता येईल. पक्ष्यांच्या विष्ठेसाठी साम्राज्य वाढवणारा हा कायदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो विनोदच वाटला होता.

१८४० मध्येच जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं. पिकाला हवी असतात ती खनिजं, शेणाच्या ढिगात जादू नाही, हे त्याचं म्हणणं. इंग्लंडमध्ये जॉन लॉज याने हाडांवर आम्लाची प्रक्रिया करून सुपरफॉस्फेट बनवलं, १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १८४३ मध्ये आपल्या रॉथॅमस्टेडच्या शेतावर गव्हाचा एक प्रयोग सुरू केला. एका पट्ट्यात शेणखत, शेजारच्या पट्ट्यांत वेगवेगळी रासायनिक खतं, एका पट्ट्यात काहीच नाही. हा प्रयोग आजही चालू आहे. त्यातून दिसलं, की नीट मात्रेत दिलेली रासायनिक खतं शेणखताच्या तोडीचं पीक देतात.

मक्यासाठी असाच प्रयोग १८७६ साली इलिनॉय विद्यापीठाने सुरू केला. 'मॉरो प्लॉट्स' हे त्याचं नाव. या वाफ्यांवर सावली पडू नये म्हणून विद्यापीठाने शेजारचं ग्रंथालय चक्क जमिनीखाली बांधलं. ते १९६९ मध्ये सुरू झालं. मक्याच्या उन्हासाठी पुस्तकं तळघरात!

१९०४ मध्ये या वाफ्यांच्या अर्ध्या भागाला खत द्यायचं ठरलं. काय दिलं? शेणखत, चुना आणि फॉस्फेट, तिन्ही एकत्र. 'हे की ते' हा प्रश्न तेव्हाच्या संशोधकांना पडलाच नव्हता. शेणात स्फुरद तुलनेने कमी पडतो, तेवढा बाहेरून घालू, असा साधा विचार. ईशान्येकडच्या दुधाच्या पट्ट्यातही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच सल्ला दिला जाई: गोठ्याच्या गटारीत रोज थोडं सुपरफॉस्फेट भुरभुरा. त्याने अमोनिया उडून जाणं कमी होतं आणि शेणाला स्फुरदाची जोड मिळते. शेण आणि पोत्यातलं खत गोठ्यातच एकत्र व्हायचं.

हा सल्ला लक्षात ठेवा. पुढे तोच उलटला.

घड्याळ कुणाचं?

जांभळ्या पानांचं कोडं सोडवायला इथे थोडं विज्ञान लागेल.

मातीतला स्फुरद जवळपास जागचा हलत नाही. मुळांनीच त्याच्यापर्यंत जावं लागतं. थंड मातीत मुळं हळू वाढतात, स्फुरद आणखी हळू सरकतो आणि सेंद्रिय पदार्थ कुजवून अन्न मोकळं करणारे जिवाणूही सुस्त असतात. म्हणून कोठार भरलेलं असूनही रोपाचा हात तिथवर पोहोचत नाही. उपाय म्हणून शेतकरी पेरणी यंत्रानेच बियाच्या शेजारी, दोन इंच बाजूला आणि दोन इंच खाली, थोडं रासायनिक खत सोडतात. पोहोचणाऱ्या पहिल्या मुळाला पहिला घास.

नत्राची, म्हणजे नायट्रोजनची, गोष्ट वेगळी. शेणा-मुतात नत्र दोन रूपांत असतं. एक लगेच लागू पडणारं, अमोनियमचं. शेण पसरून तसंच उघडं ठेवलं तर ते वायू होऊन उडून जातं. म्हणून ते लगेच मातीत मिसळावं लागतं. दुसरं सेंद्रिय रूपातलं. ते जिवाणूंनी फोडल्याशिवाय मिळत नाही. त्यातला काही भाग पहिल्या वर्षी सुटतो, उरलेला पुढची कित्येक वर्षं हळूहळू. व्हर्मांटमध्ये जिवाणूंचा कारखाना जोरात सुरू होतो तो जूनमध्ये. आणि मका गुडघ्यापर्यंत आला की त्याची नत्राची भूकही तेव्हाच वाढते.

म्हणजे शेणाचं आणि मक्याचं घड्याळ बऱ्यापैकी जुळतं. सुरुवातीचे काही आठवडेच तेवढे मोकळे राहतात. ते भरायला पेरणीसोबतची चिमूट पुरते. थंड देशात दोन खतं एकत्र करण्यामागचं खरं कारण हे वेळेचं आहे. एक खत जपून ठेवलेल्या धान्यासारखं, दुसरं खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखं.

इतकं साधं गणित असताना ते चुकलं कुठे?

दोन पक्ष पडले ते असे

१९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला त्याचा कारखाना सुरू झाला. दोन महायुद्धांत हीच रसायनं दारूगोळ्यासाठी लागली आणि दुसरं युद्ध संपल्यावर अमेरिकेतली ती सगळी क्षमता खताकडे वळली. नत्र स्वस्त झालं. इतकं स्वस्त, की शेण पसरायला लागणारं डिझेल आणि मजुरी जास्त वाटू लागली. मॉरो प्लॉट्समध्ये १९५५ साली जवळपास ऐंशी वर्षं काहीच न मिळालेल्या काही भागाला रासायनिक खत आणि चुना दिला गेला आणि मका जोमाने वाढला. हे पाहणाऱ्या कुणालाही शेणाची गरज काय, असं वाटलं असणारच.

दुसरा पक्ष उभा राहिला तो आपल्या ओळखीच्या गावात. होळकरांच्या इंदूरमध्ये अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात पाला, काडीकचरा, शेण आणि गोमूत्र थरांनी रचून उत्तम कुजलेलं खत करण्याची पद्धत बसवत होते. १९३१ मध्ये त्यावर पुस्तक आलं, तेव्हा हॉवर्ड यांच्या नावाशेजारी सहलेखक म्हणून नाव होतं यशवंत वाड यांचं. जगभर ती पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून पोहोचली. वाड यांचं नाव मात्र वाटेत गळलं. सेंद्रिय शेतीवर बोलणाऱ्या किती जणांना ते माहीत असेल, असा प्रश्न मला पडतो.

हॉवर्ड यांचं लिखाण वाचून पेनसिल्व्हेनियातल्या जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. त्यांच्या नावाच्या संस्थेने १९८१ पासून मका-सोयाबीनची रासायनिक आणि सेंद्रिय शेती शेजारी-शेजारी करून तुलना चालवली आहे. डेव्हिड पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये या प्रयोगाची आकडेवारी मांडली. पहिली काही वर्षं सेंद्रिय मका मागे पडला, कारण जमिनीत नत्र पुरेसं मोकळं होत नव्हतं. नंतर तो बरोबरीला आला. इंदूरच्या कल्पनेला पेनसिल्व्हेनियाच्या मातीत रुळायला वेळ द्यावा लागला.

दोन्ही बाजूंकडे खरं काही ना काही होतं. पण पक्ष पडले की मधली माणसं दिसेनाशी होतात. मधली माणसं म्हणजे व्हर्मांट, न्यूयॉर्क, विस्कॉन्सिनचे गायी पाळणारे शेतकरी. तिथल्या थोड्या दिवसांच्या उन्हाळ्यात दाणा पूर्ण पिकण्याची खात्री नसते, म्हणून ते अख्खा मका हिरवा कापून मुरघास करतात. गायी तो खातात, शेण परत त्याच शेतात जातं. शेण टाकणं त्यांना भागच होतं, कारण ते रोज तयार होत होतं. आणि वर ते पूर्ण मात्रेचं रासायनिक खतही टाकत होते, जणू शेण टाकलंच नाही.

याला मी बेरजेची शेती म्हणतो. शेण अधिक खत. त्यामागे मूर्खपणा नव्हता, भीती होती. शेणातून नेमकं किती नत्र मिळेल, हे कुणीच ठामपणे सांगू शकत नव्हतं. ते गायीच्या चाऱ्यावर, साठवणुकीवर, पावसावर, मातीच्या तापमानावर अवलंबून. हिशेब चुकला तर वर्षाचा चारा जातो. स्वस्त खताचं एक जादा पोतं हा विमा होता.

गुडघाभर मक्यापर्यंत थांबा

कोरड्या प्रदेशात पेरणीआधी मातीतलं नायट्रेट मोजून खत ठरवता येतं. ईशान्य अमेरिकेत ते जमत नव्हतं, कारण हिवाळ्याचं आणि वसंताचं पाणी नायट्रेट धुऊन नेतं. एप्रिलमध्ये मोजलेला आकडा जूनबद्दल फारसं काही सांगत नाही.

व्हर्मांट विद्यापीठाचे फ्रेड मॅग्डॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक सोपा उपाय मांडला: मग जूनमध्येच मोजा. मका साधारण फूटभर उंच झाला, की एक फूट खोलीपर्यंतची माती घ्या आणि नायट्रेट तपासा. तोवर माती तापलेली असते, शेण फुटायला लागलेलं असतं आणि मक्याची मोठी भूक अजून पुढे असते. नायट्रेट ठरावीक पातळीच्या वर, दशलक्ष भागांत सुमारे २५ च्या आसपास असेल, तर आणखी नत्र घालू नका. कमी असेल तर कमी असेल तेवढंच द्या.

मला ही चाचणी इतिहासातल्या मोठ्या शोधांच्या रांगेत बसवावीशी वाटते. तिने नवं खत शोधलं नाही. शेणाने काय दिलं ते आधी विचारा आणि मग वजा करा, एवढंच सांगितलं. पण वजाबाकीला धीर लागतो. जूनमध्ये आठवडाभर पाऊस लागला तर ट्रॅक्टर शेतात जाणार नाही, मका उंच होईल आणि द्यायचं खत राहून जाईल. ही जोखीम शेतकऱ्याने घ्यायची, विद्यापीठाने नाही. म्हणून चाचणी येऊनही कित्येकांनी विम्याचं पोतं सोडलं नाही.

तलावात उतरलेला हिशेब

नत्राची वजाबाकी तरी झाली. स्फुरदाची राहून गेली.

दुधाच्या धंद्यात गायींना मुरघासाबरोबर बाहेरून आणलेलं धान्य आणि पेंड घालतात. त्या खाद्याबरोबर दुसऱ्या राज्यांच्या जमिनीतला स्फुरद व्हर्मांटमध्ये येतो. त्यातला काही दुधातून बाहेर जातो, उरलेला शेणातून शेतात. शिवाय मक्याची नत्राची पूर्ण गरज शेणातूनच भागवायला गेलं, तर स्फुरद गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडतो. त्यावर पेरणीसोबतचा घास. त्यात गोठ्यात सुपरफॉस्फेट भुरभुरण्याचा जुना सल्ला ज्या काळी बरोबर होता, तो काळ कधी संपला हे कुणी ओरडून सांगितलं नाही. कमतरतेची जमीन एक-दोन पिढ्यांत अतिरेकाची झाली.

हा स्फुरद पावसाबरोबर वाहत लेक शँप्लेनमध्ये गेला. व्हर्मांट, न्यूयॉर्क आणि कॅनडाचं क्वेबेक यांच्यामध्ये पसरलेला हा तलाव. त्याच्या मिसिस्क्वॉय उपसागरात उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग येतो. तो विषारी असू शकतो, त्यामुळे पोहायचे किनारे बंद ठेवावे लागतात. व्हर्मांटमध्ये १५ डिसेंबर ते १ एप्रिल या काळात शेतात शेण पसरायला बंदी आहे, कारण गोठलेल्या जमिनीवरचं शेण बर्फाबरोबर थेट ओढ्यात जातं. २०१५ मध्ये राज्याने पाण्यासाठी कडक कायदा केला आणि २०१६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण संस्थेने तलावात किती स्फुरद जाऊ द्यायचा, याच्या नव्या मर्यादा घातल्या.

आणि ती जांभळी पानं? न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेल विद्यापीठाने शेतकऱ्यांच्या शेतांवर चाचण्या घेतल्या. ज्या मातीत स्फुरद आधीच भरपूर आहे, तिथे पेरणीसोबतचा स्फुरद वगळला तरी मक्याच्या उत्पादनात सहसा फरक पडत नाही, असं दिसलं. माती तापली की मुळं पोहोचतात आणि पानं हिरवी होतात. गरीब जमिनीत जांभळा रंग ही खरी भूक असते. श्रीमंत जमिनीत तो बहुधा नुसता गारठा असतो. रंग तोच, अर्थ वेगळा. शेतकऱ्याला रंग दिसतो, मातीचा अहवाल कपाटात असतो आणि खत रंग बघून टाकलं जातं.

आज थंड प्रदेशात दिला जाणारा नीट सल्ला साधारण असा असतो: शेण मक्याच्या स्फुरदाच्या गरजेइतकंच टाका, टाकल्यावर लगेच मातीत मिसळा आणि नत्र कमी पडलं तर जूनमध्ये मोजून तेवढंच रासायनिक खत द्या. म्हणजे शेवटी दोन्ही खतं एकत्रच आली. पण या वेळी मध्ये बेरजेचं चिन्ह नाही.

आपल्याकडे हा सल्ला उचलून जसाच्या तसा लावता येणार नाही. आपली माती जूनमध्ये तापलेलीच असते, शेणखत भराभर कुजतं आणि बहुतेकांचा प्रश्न शेण जास्त झाल्याचा नसून ते मिळत नाही हा आहे. व्हर्मांटचं उत्तर आपलं नाही. पण प्रश्न विचारायची रीत आपल्याला घेता येईल. खताच्या पोत्याबद्दल किंवा शेणाच्या पुण्याईबद्दल बोलण्याआधी या जमिनीत आत्ता काय आहे, हे विचारायची. प्लिमथच्या त्या माणसानेही आधी जमीनच बघितली होती.

पुढच्या वेळी ग्रुपवर भांडण लागलं, की मी दोन्ही काकांना एकच विचारणार आहे: माती शेवटची कधी तपासली होती?